कड्यावरून कुंडीत: जपानी ज्युनिपरची गोष्ट



रोपवाटिकेवरच्या मागच्या कार्यक्रमानंतर एका गटाकडून प्रश्न आला. शहरातल्या प्रदर्शनात त्यांनी बोन्साय पाहिली होती. परातीएवढ्या कुंडीत शंभर वर्षांचं झाड, आणि किंमत ऐकून डोळे पांढरे झाले. परत येताना गाडीत वाद झाला. एकीचं म्हणणं, हे शिकून घेऊ, गटाला चांगला धंदा होईल. दुसरी म्हणाली, वाढत्या जिवाला तारेनं बांधून बुटकं ठेवायचं, हा कसला धंदा? चीनमध्ये पूर्वी मुलींचे पाय बांधून लहान ठेवायचे, त्यातलाच हा प्रकार. शेवटी त्यांनी मलाच विचारलं, ताई, हा झाडाचा छळ आहे की नाही, ते सांगा.

प्रश्न साधा नाही. आपल्याकडे भाषणांत, कवितांत 'बोन्साय' हा शब्द बहुतेक वेळा बाईसाठीच येतो. जिला वाढू दिलं नाही, ती बोन्साय. त्यामुळे हो किंवा नाही एवढंच सांगून भागायचं नाही. मी एकाच झाडाची गोष्ट सांगते, कारण त्या झाडाच्या गोष्टीत छळही आहे आणि जिव्हाळाही. झाडाचं नाव ज्युनिपर.

आपल्या रानात हे झाड नाही. हिमालयात त्याच्या काही जाती आहेत. वैद्यांच्या औषधांत 'हपुषा' नावाची काळसर वाळकी फळं असतात ना, ती ज्युनिपरचीच. आपल्या अंगणात, शाळेच्या फाटकापाशी मोरपंखी असते, ती याच कुळातली. मोरपंखीची पानं डोळ्यांसमोर आणा: चपटी, खवल्याखवल्यांची. ज्युनिपरच्या मोठ्या झाडाची पानं अशीच खवल्यांची, पण दोरीसारखी गोल. कोवळ्या झाडाची पानं मात्र सुईसारखी टोचरी. एकाच झाडाला दोन तऱ्हेची पानं. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

कुंडीत निसर्ग मांडायची हौस मूळ चीनची. तिथे सन ७०६ मध्ये बांधलेल्या एका राजपुत्राच्या थडग्यात भिंतीवर चित्रं आहेत. त्यांत सेविका हातात तबक धरून उभ्या आहेत आणि तबकात दगड आणि इवलीशी झाडं आहेत. या कलेच्या अगदी जुन्या चित्रांपैकी हे एक. म्हणजे चित्रात तरी कुंडीतलं झाड आधी दिसतं ते बाईच्या हातात. ते झाड तिचं नव्हतं, ती फक्त ते वाहून नेत होती, हेही तितकंच खरं.

चीनमधून ही रीत बौद्ध भिक्षूंबरोबर आणि व्यापाऱ्यांबरोबर जपानला गेली. तिथे १३०९ सालच्या एका चित्रगुंडाळीत श्रीमंताच्या घराबाहेर बाकावर ठेवलेली कुंडीतली झाडं दिसतात. 'बोन' म्हणजे तबक किंवा परात, 'साई' म्हणजे लावणी. परातीतली लावणी. इतका साधा शब्द आहे.

पण जपानात मान होता पाइनच्या झाडाला. ज्युनिपर पुष्कळ उशिरा आलं, आणि आलं ते डोंगराच्या कड्यावरून.

जपानमध्ये शिकोकू नावाचं बेट आहे. तिथे इशिझुची हा उंच डोंगर. त्याच्या कड्यांच्या फटीत एक ज्युनिपर उगवतं, त्याला 'शिंपाकू' म्हणतात. पुढे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, तसंच शिंपाकू उत्तरेकडे इतोइगावा नावाच्या गावाजवळ सापडलं. त्याची पानं जास्त बारीक, जास्त हिरवीगार. तिथले डोंगर चुनखडीचे. हिवाळ्यात तिथे माणूस बुडेल इतकं बर्फ पडतं. कड्याच्या भेगेत मूठभर माती, त्यात हे झाड रुजतं. बर्फाचं ओझं फांद्या वाकवतं, वरून पडणारे दगड साल सोलून काढतात, वारा शेंडा मोडतो. झाड खाली लोंबतं आणि पुन्हा वर वळतं. दोनशे-तीनशे वर्षांनी त्याची उंची तुमच्या-माझ्या गुडघ्याइतकी असते. त्याला कुणी तारेनं बांधलेलं नसतं. बुटकं केलेलं असतं त्या कड्यानंच.

ही झाडं शहरात सोन्याच्या भावानं विकली जाऊ लागली. मग गावातली गरीब माणसं कमरेला दोर बांधून कड्यावर उतरू लागली. आपल्या सह्याद्रीत आग्या मोहोळाचा मध काढायला कड्यावर उतरणारी माणसं तुम्ही पाहिली असतील, तसंच. वर दोर धरणारा एक, खाली लोंबकळत झाड खणणारा एक. दोर तुटून, दगड निसटून काही जण मेले. झाड विकत घेणाऱ्याच्या दिवाणखान्यात त्यांची नावं कुठे लिहिलेली नसत. खणलेल्या सगळ्याच झाडांनीही जीव धरला नाही. काही दशकांत ते कडे जवळजवळ रिकामे झाले. माझ्या मते या कलेच्या इतिहासातला खरा छळ इथे आहे, आणि तो झाडाचाही आहे, माणसाचाही, डोंगराचाही. कुंडीतल्या तारेची चर्चा सगळे करतात, याची फारशी कुणी करत नाही.

आता कड्यावरच्या झाडाकडे जरा नीट बघू, कारण छाटणीची सगळी विद्या तिथूनच आली.

या झाडांच्या अंगावर हिरव्याइतकंच पांढरंही असतं. वाळलेलं, साल गेलेलं, हाडासारखं पांढरं लाकूड. ज्युनिपरच्या लाकडात तेल असतं, ते लवकर कुजत नाही. म्हणून मेलेला भाग गळून न पडता जिवंत भागाच्या शेजारी वर्षानुवर्षं उभा राहतो. वाळलेल्या फांदीला जपानी माणूस 'जिन' म्हणतो. तो शब्द देवासाठी असलेल्या अक्षरानं लिहितात. खोडावरच्या वाळलेल्या पांढऱ्या पट्ट्याला म्हणतात 'शारी'. हा शब्द ऐकून मला गंमत वाटली होती, कारण तो आपल्याच 'शरीर' या शब्दाचा नातू आहे. बुद्धाच्या अस्थींना संस्कृतात 'शरीर' म्हणत. धर्माबरोबर तो शब्द चीनला गेला, तिथून जपानला, आणि शेवटी एका झाडाच्या हाडांना चिकटला.

पण झाडाच्या एका बाजूचं सगळं लाकूड मेलेलं असताना ते जगतं कसं? ज्युनिपरमध्ये ठरावीक मुळं ठरावीक फांद्यांना पाणी पोचवतात. मुळापासून फांदीपर्यंत सालीखाली एक वाट असते, शेताच्या पाटासारखी. माळी तिला जिवंत शीर म्हणतात. दगडानं फांदी मोडली की त्या फांदीची शीर हळूहळू वाळते, तिच्या मुळाचंही काम संपतं. बाकीच्या शिरा चालू राहतात, वर्षावर्षाला जाड होत जातात आणि पांढऱ्या लाकडाभोवती तांबूस दोरासारख्या फुगून दिसतात. कित्येक जुन्या झाडांत चार बोटं रुंदीची एकच शीर सगळं झाड पोसत असते.

आता कात्री हातात घेतलेल्या माणसाला याचा अर्थ काय, ते बघा. आंब्याची किंवा डाळिंबाची फांदी छाटली की खालून फुटवे येतात, आपल्याला सवय आहे. द्राक्षाला तर एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये खरडून छाटतात तरी वेल फुटतो. ज्युनिपरला हे चालत नाही. ज्या फांदीवर एकही हिरवं पान उरलं नाही, ती फांदी बहुधा मेली. जुन्या उघड्या लाकडातून ती सहसा पुन्हा फुटत नाही. ती मेली की तिच्याखालची शीर जाते, आणि झाडाला एकच शीर असली तर झाडच जातं. म्हणून ज्युनिपरची छाटणी म्हणजे काय कापायचं याची विद्या नाहीच. किती हिरवं ठेवायचं, याची आहे.

पूर्वी, तारेच्या आधी, झाडाला वळण द्यायला चीनमधले माळी ताडाच्या जातीच्या झाडाच्या काथ्याची दोरी वापरत. यांगजोऊ शहरात आजही ज्युनिपरच्या फांद्या काथ्यानं बांधून ढगांच्या थरांसारख्या सपाट करतात. जपानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तांब्याची तार रूढ झाली. तार आधी विस्तवात तापवून मऊ करायची, मग फांदीभोवती तिरकी गुंडाळायची आणि फांदी हळूच वाकवायची. जाड फांदी असेल तर आधी ओल्या काथ्यानं घट्ट लपेटायची, म्हणजे साल फुटत नाही. मोडलेल्या हाताला हाडवैद्य पट्टी बांधतो, तसंच हे. काही महिन्यांत फांदी वळण धरते. तार तेव्हा काढायची, आणि सोडवून नाही, तुकडे करून, म्हणजे फांदीला हिसका बसत नाही. वेळेवर काढली नाही तर ती सालीत रुतते आणि तो वळ पुढे कित्येक वर्षं दिसतो. चांगला माळी कोण, हे झाड किती वाकवलं यावरून कळत नाही, अंगावर वळ आहेत का यावरून कळतं.

टोकियोमधल्या या माळ्यांवर १ सप्टेंबर १९२३ रोजी आभाळ कोसळलं. मोठा भूकंप झाला, शहर पेटलं. बागा गेल्या. उरलेल्या माळ्यांपैकी काहींनी ठरवलं, आता शहरात राहायचं नाही. चांगलं पाणी, स्वच्छ हवा आणि मोकळी जमीन शोधत ते उत्तरेला ओमिया इथे गेले. १९२५ साली तिथे बोन्सायचं गाव वसलं. त्या गावानं स्वतःसाठी नियम केले, आणि ते आपल्या गटांच्या नियमांइतके थेट आहेत. इथे राहणाऱ्यानं किमान दहा बोन्साय पाळावीत. फाटक सगळ्यांसाठी उघडं असावं. घराला माडी नसावी, म्हणजे वरून शेजाऱ्याच्या झाडांकडे बघता येऊ नये. आणि कुंपण भिंतीचं नको, जिवंत झुडपांचं असावं. मला त्यातला माडीचा नियम फार आवडतो.

मग दुसरं महायुद्ध आलं. माणसांना खायला नाही, तिथे शोभेच्या झाडांना पाणी घालणं म्हणजे देशद्रोह वाटावा असे दिवस. तरुण माळी सैन्यात गेले, बहुतेक बागा बंद पडल्या. क्युझो मुराता नावाच्या माळ्यानं मात्र जमतील तितकी झाडं सांभाळली. बोन्साय चार दिवस विसरता येत नाही. शेतातली विहीर आटली तर बांधावरचा आंबा खालून पाणी ओढून तग धरतो. परातीतल्या झाडाचं खाली काही नाही. त्याला रोज माणूस लागतो. आपण ज्या झाडाला शंभर किंवा तीनशे वर्षांचं म्हणतो, त्याच्या मागे रोज पाणी घालणाऱ्यांची अखंड साखळी असते, आणि तीत एक आठवडा खंड पडला तर सगळं संपतं.

युद्धानंतर ओमिया पुन्हा उभं राहिलं. तिथेच जन्मलेला मासाहिको किमुरा हा मुलगा १९५५ च्या सुमारास, पंधराव्या वर्षी, हामानो नावाच्या उस्तादाच्या बागेत उमेदवारीला लागला आणि तिथे अकरा वर्षं राबला. पुढे यानं ज्युनिपरच्या कलेत खळबळ केली. आधी शारी आणि जिन करायचं म्हणजे पटाशीनं हळूहळू लाकूड सोलायचं. किमुरानं विजेवर चालणारी यंत्रं हातात घेतली आणि मोठमोठ्या खोडांना असं कोरलं की झाड वादळात उभं आहे असं वाटावं. जुने लोक रागावले, म्हणाले हे सुतारकाम आहे. चाहते त्याला जादूगार म्हणू लागले. मी दोन्हीकडचं थोडं थोडं मानते. पण त्याचं एक काम कुणी नाकारत नाही. कोरण्याआधी तो जिवंत शीर कुठून कुठे जाते हे बोटांनी चाचपून घेई, खुणा करी आणि तिच्या आत कधी हत्यार नेत नसे. कोरलेलं पांढरं लाकूड कुजू नये म्हणून त्याला चुना आणि गंधक उकळून केलेलं पिवळं द्रावण लावतात. वास सडक्या अंड्यासारखा. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागेत काम केलेल्या बायकांना हा वास ओळखीचा असेल, भुरीवर हेच मारतात.

डोंगर रिकामे झाल्यावर झाडं कुठून आणायची, हा प्रश्न होताच. त्याचं उत्तर आपल्या रोपवाटिकेसारखंच निघालं. शिंपाकूची फांदी मातीत खोचली तर मुळं धरते. इतोइगावाच्या बारीक पानांच्या फांद्या लावून हजारो रोपं तयार झाली. ज्यांच्याकडे जुनं जाड खोड आहे पण पानं भरड आहेत, ते त्यावर इतोइगावाचं कलम बांधतात. रायवळ आंब्यावर हापूस बांधतो, तेच हे. म्हणजे आजच्या बऱ्याच बोन्साय झाडांसाठी कुणी कड्यावर उतरलेलं नाही.

आता एक गोष्ट, जी मला या सगळ्या इतिहासात सर्वांत उपयोगाची वाटते. किती तरी वर्षं ज्युनिपरची निगा म्हणजे चिमटणं असं शिकवलं जाई. झाडाच्या हिरव्या टोकांना नवा कोंब आला की बोटांच्या चिमटीत धरून तोडायचा. सगळीकडून, पुन्हा पुन्हा. झाड गुबगुबीत, कातरलेल्या उशीसारखं दिसतं. प्रदर्शनाच्या आधी ते छान दिसतं, म्हणून रीत पडली. तुळशीच्या मंजिऱ्या खुडल्या की तुळस डेरेदार होते, हे आपल्याला माहीत असल्यानं आपल्यालाही ते पटतं. पण ज्युनिपर तुळस नाही. त्याची ताकद त्या वाढत्या टोकांतच असते. पान अन्न बनवतं, टोक वाढतं तेव्हाच खाली मूळ वाढतं. सगळी टोकं सतत तोडत राहिलं तर झाड वरून टवटवीत दिसतं आणि आतून रिकामं होत जातं. किमुराकडे सहा वर्षं शिकून २०१० मध्ये अमेरिकेत परतलेला रायन नील आणि त्याच्यासारखे दुसरे शिक्षक जाहीरपणे सांगू लागले की हे चिमटणं थांबवा.

मग करायचं काय? झाडाला आधी वाढू द्यायचं. टोकं चांगली लांबली, झाड जोमात दिसलं, की कात्रीनं मोजक्या जागी छाटायचं. जी फुटी सगळ्यांत पुढे गेली आहे, तिच्या मुळाशी जाऊन, जिथे तिचं देठ लाकडी झालं आहे तिथे कापायचं. हिरव्या खवल्यांच्या मधून कात्री चालवली तर कापलेली कड तांबडी पडते. फांदीच्या खाली लोंबणाऱ्या फुटी काढायच्या, बेचक्यात गर्दी झालेल्या काढायच्या, म्हणजे आत ऊन जातं आणि आतली बारकी फूट जगते. ही आतली फूट म्हणजे झाडाची शिल्लक. पुढे फांदी आखूड करायची झाली तर तिच्यावरच मागे येता येतं. शेंडा जास्त जोमदार असतो, तिथे जास्त काढायचं, खालच्या अशक्त फांदीला हात कमी लावायचा. एका वेळी एकतृतीयांशाहून जास्त हिरवं काढू नये. आणि एका हंगामात एकच मोठं दुखणं द्यावं: मोठी छाटणी केली असेल तर त्या वर्षी कुंडी बदलू नये, मुळं कापली असतील तर तार थांबवावी. बाळंतिणीला आपण लगेच रोपं लावायला पाठवत नाही, तसं.

झाड आपल्याला सांगतंही, पण उशिरा. खवल्यांच्या पानांचं मोठं झाड अचानक सुईची पानं काढू लागलं, तर समजावं की छाटणी जास्त झाली. ते घाबरून बाळपणात परत गेलं आहे. दोनेक वर्षं नुसतं खतपाणी द्यावं, कात्री लांब ठेवावी. आणि ज्युनिपरचा सगळ्यांत मोठा धोका हा, की ते मेल्यानंतरही कित्येक आठवडे हिरवं दिसतं. मूळ गेलेलं असतं, आणि मालकीण रोज कौतुकानं पाणी घालत असते. पानांचा रंग मंद, राखाडीसर दिसू लागला, तुकतुकी गेली, तर वाट पाहू नये. फांदीखाली पांढरा कागद धरून फांदी झटकावी. कागदावर तांबडे ठिपके चालायला लागले तर लाल कोळी आहे. मिरचीवर, वांग्यावर येतो तोच. जोराच्या पाण्यानं पानं खालून धुवावीत. आणि हे झाड घरात टीव्हीशेजारी ठेवू नये. ते कड्यावरचं आहे, त्याला ऊन, वारा आणि रात्रीचा गारवा लागतो. भेट म्हणून मिळालेली कितीतरी ज्युनिपर दिवाणखान्यात मरतात, आणि घरच्यांना वाटतं आपला हात वाईट.

मघाशी गटातल्या बाईनं पाय बांधण्याची उपमा दिली होती, तिच्याबद्दल बोलते. बांधलेल्या पायाचं हाड मोडायचं आणि ती मुलगी जन्मभर अधू व्हायची. तिचा उपयोग दुसऱ्याच्या डोळ्यांना. बोन्सायमध्ये तसं करणारे लोक आहेत. दोन तासांत झाड सोलून, वाकवून, फोटो काढून विकणारे. ते झाड वर्षभरात मरतं, पण तोवर दुसऱ्याच्या घरी असतं. हा छळ आहे, हे मी साफ सांगते. पण मुळात निरोगी नसलेलं झाड दोनशे वर्षं टिकूच शकत नाही. शीर मेली की फांदी मेली, तिथे लपवाछपवी नाही. परातीतलं जुनं ज्युनिपर दरवर्षी नवी पानं, नवी मुळं, नवं लाकूड तयार करत असतं. त्याला लहान ठेवलेलं असतं, अधू नाही. तरीही कुणाला हे आवडलं नाही, तर मी वाद घालणार नाही. पण बाईच्या आयुष्याला हा शब्द लावताना एक फरक मनात ठेवावा. बाईला खुंटवणारे तिच्या मुळांची काळजी रोज सकाळी घेत नाहीत.

अमेरिकेतल्या जॉन नाका यांचं उदाहरण मला सांगायलाच हवं. जपानी आईबापांच्या पोटी १९१४ साली कोलोराडोत जन्म, आठव्या वर्षी जपानला गेले, आजोबांकडून बोन्साय शिकले, पुढे परत येऊन लॉस एंजेलिसला स्थायिक झाले. १९४८ मध्ये त्यांनी ज्युनिपरच्या दोन झाडांवर काम सुरू केलं. हळूहळू त्यांना जोड देत सात झाडांचं एक छोटं रान झालं, कारण तोवर त्यांना सात नातवंडं होती. नातवंडं अकरा झाली, झाडंही अकरा झाली. एकाच तबकात, उंच सरळ, शेंड्याला पांढरे जिन, जणू देवराई. नाव ठेवलं 'गोशिन', म्हणजे रक्षण करणारा आत्मा. १९८४ मध्ये त्यांनी ते वॉशिंग्टनमधल्या राष्ट्रीय बोन्साय संग्रहाला दिलं. नाका २००४ मध्ये गेले. झाडं आहेत. आता दुसरेच हात ती कातरतात, पाणी घालतात.

आपल्याकडेही ही कला पोचली आहे. २०१८ साली पुण्यात प्राजक्ता काळे यांच्या पुढाकारानं बोन्सायचं मोठं प्रदर्शन आणि परिषद झाली, परदेशातले उस्ताद आले होते. जपानात ओमियामध्ये काओरी यामादा या बाई आपल्या घराण्याच्या बागेच्या पाचव्या पिढीच्या आहेत आणि बायकांना ही कला शिकवतात. एके काळी हा सगळा पुरुषांचा धंदा होता.

ज्या गटाला धंदा म्हणून करायचं आहे, त्यांना माझा सल्ला: ज्युनिपरनं सुरुवात करू नका. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात परातीतलं ज्युनिपर सांभाळणं जिकिरीचं आहे. महाबळेश्वर, पाचगणीसारखी थंड हवा असेल तर गोष्ट वेगळी. वड, पिंपळ, उंबर भिंतीच्या भेगेत उगवतात, फुकट मिळतात, छाटले की फुटतात आणि आपलं ऊन सोसतात. हात बसायला तेच बरे. भिंतीतलं रोप काढायला कुणाला कड्यावरही उतरावं लागत नाही, उलट घरमालक दुवा देतो. पण पाणी कोण घालणार, याची पाळी आधी वहीत लिहा. लग्नसराई, जत्रा, माहेरपण धरून लिहा.

जानेवारी २०१९ मध्ये ओमियाच्या जवळच, कावागुची इथल्या एका पिढीजात बागेत चोरी झाली. सात बोन्साय गेली. त्यांतलं एक शिंपाकू होतं, सुमारे चारशे वर्षांचं, एकट्याची किंमत एक कोटी येनच्या वर. कुणातरी पूर्वजानं डोंगरावरून आणलेलं, पुढच्या पिढ्यांनी एक दिवस न चुकता भिजवलेलं. बागेच्या मालकीणबाईंनी फेसबुकवर लिहिलं. झाडं आम्ही मुलांसारखी वाढवली, ती परत द्या, असं तर लिहिलंच. पण चोराला त्यांची जास्त कळकळीची विनंती वेगळीच होती: आमच्याकडे नसली तरी त्यांना पाणी घाला, आठवडाभर पाणी मिळालं नाही तर शिंपाकू जगणार नाही. आणि पाणी कसं घालायचं, तेही त्यांनी चोराला समजावून सांगितलं.